साठ दिवसांचा हिशेब

(छत्रपती संभाजीनगर येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



विषय स्तनाच्या कर्करोगाचा आहे आणि सभागृहात पुरुषांची संख्या निम्म्याहून जास्त दिसते, याचा मला आनंद आहे. बाईची गाठ दवाखान्यापर्यंत कधी पोचायची, हे आपल्याकडे पुष्कळदा पुरुषच ठरवतात. तेव्हा हे व्याख्यान त्यांच्यासाठीही आहे.

सुरुवातीलाच थोडे आकडे सांगून टाकते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की अतिविकसित देशांत १२ बायकांमागे एकीला आयुष्यात कधी ना कधी स्तनाचा कर्करोग होतो आणि ७१ जणींमागे एक त्याने दगावते. सर्वांत कमी विकसित देशांत २७ जणींमागे एकीलाच या रोगाचं निदान होतं, पण ४८ जणींमागे एक दगावते. म्हणजे तिकडे रोग दुपटीहून जास्त आणि मरण कमी. इकडे रोग कमी आणि मरण जास्त. आपण या दोन टोकांच्या मध्ये आहोत. २०२२ च्या अंदाजानुसार जगात या रोगाचे सुमारे २३ लाख नवे रुग्ण झाले आणि ६ लाख ७० हजार बायका गेल्या. साधारण साडेतीन रुग्णांमागे एक मृत्यू. त्याच वर्षी भारतात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू. आपल्याकडे दोघींमागे एक.

आता मराठवाड्याकडे येऊ. आपला भाग मागासलेला, इथे कुणी काही मोजत नसेल, असा पुष्कळांचा समज असतो. कर्करोगाच्या नोंदींबाबत तरी तो खरा नाही. या शहराची कर्करोग नोंदणी १९७८ पासून चालू आहे. मुंबईत डॉ. जस्सावाला यांनी १९६३ साली देशातली पहिली नोंदणी सुरू केली, तिचाच हा विस्तार. पुढे १९८७ साली बार्शीला देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने आणि डॉ. नेने यांच्या सहकाऱ्यांनी बार्शीबरोबर आपल्या बाजूचे परांडा आणि भूम हे तालुकेही त्यात घेतले. खेड्यातला रुग्ण रुग्णालयात येईलच याची खात्री नव्हती. मग नोंदणीची माणसंच गावोगाव फिरू लागली. कोणाला बरं नाही, कोणाला गाठ आहे, कोण कशाने गेलं, हे ओट्यावर बसून विचारू लागली.

या नोंदींतून काय दिसतं? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली देशभरातल्या नोंदणी केंद्रांचा अहवाल काढला. त्यात कर्करोगाचं सर्वांत कमी प्रमाण उस्मानाबाद आणि बीड या जिल्ह्यांत निघालं. एक लाख पुरुषांमागे ३९.५ आणि एक लाख बायकांमागे ४९.४, तेही वयाचा फरक काढून टाकून. अरुणाचलातल्या पापुम पारे जिल्ह्यात बायकांचं हेच प्रमाण २१९.८ आहे.

हे झालं सगळ्या कर्करोगांचं मिळून. स्तनाच्या कर्करोगापुरतं पाहिलं तर तरुण वयात बाळंतपणं, एकाहून जास्त मुलं आणि दोन-दोन वर्षं अंगावरचं दूध, यांमुळे स्तनाच्या कर्करोगाचा धोका काही प्रमाणात कमी होतो. आपल्या खेड्यातल्या बायकांच्या वाट्याला हे सगळं न मागता आलं. यावरून मुलींनी फार शिकू नये असा निष्कर्ष काढणारे विद्वानही मला भेटले आहेत. त्यांना मी एवढंच विचारते की शिकलेली बाई रोग वेळेत दाखवून जगते, ते कोणत्या खात्यात मांडायचं? शिवाय शहर आणि खेडं यांतला हा फरक आता झपाट्याने बुजतो आहे. मुलं कमी, पहिलं मूल उशिरा, वजन जास्त, हे तालुक्याच्या गावांतही आलं आहे. मुंबई-पुण्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला मागे टाकून स्तनाचा कर्करोग कधीच पहिल्या क्रमांकावर गेला. आपली वाटचालही त्याच दिशेने आहे.

म्हणजे आज आपल्याला एक सवड मिळालेली आहे. रोग अजून कमी आहे. तो वाढायच्या आत मरण कमी करायची तयारी झाली पाहिजे. ती कशी करायची, यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली तीन आकड्यांचं सूत्र दिलं: ६०, ६०, ८०. शंभरातल्या किमान ६० रुग्णांचं निदान पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यात व्हावं. बाईने तक्रार सांगितल्यापासून ६० दिवसांच्या आत निदान हाती यावं. आणि ज्यांचं निदान झालं त्यांतल्या किमान ८० टक्के रुग्णांचे उपचार पुरे व्हावेत. यातला मधला साठ मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तो दिवसांत मोजलेला आहे, आणि हे दिवस बाईच्या हातात नसतात, आपल्या हातात असतात.

आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या बाईकडे एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यातले कागद टेबलावर तारखेप्रमाणे लावले की तिचं सगळं वर्ष दिसतं. अशा अनेक पिशव्यांतल्या कागदांची मी इथे एकच थप्पी लावते आहे. ही कोणी एक बाई नाही. वय पंचेचाळीसच्या आसपास. नागपंचमीच्या सुमारास न्हाताना हाताला गाठ लागली. जावेला सांगितलं. पोळ्याला माहेरी गेली तेव्हा भावजयीबरोबर गावातल्या डॉक्टरला दाखवलं. पहिली चिठ्ठी त्यांची: पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या, 'दुधाची गाठ असेल, विरघळेल'. धाकटं पोर दहावीला आहे, दूध कुठलं? पण बाई उलटून विचारत नाही. मग सोयाबीनची काढणी आली. दिवाळीनंतर दुसरी चिठ्ठी: मलम आणि दुखण्याची गोळी. वास्तविक गाठ दुखतच नव्हती. संक्रांतीनंतर तालुक्याला एका दवाखान्यात जागा बधीर करून गाठ काढली. पैसे भरल्याची पावती आहे, तपासणीचा अहवाल नाही. काढलेला तुकडा कुठे गेला, विचारलं तर ती म्हणते, "फेकला आसंल बाई, आमाला काय दावला न्हाई." गुढीपाडव्याच्या पुढे-मागे त्याच जागी पुन्हा गाठ आणि काखेत अवधाण. तेव्हा कोणीतरी म्हणालं, 'घाटीत न्या', म्हणजे इथल्या शासकीय रुग्णालयात.

आता हिशेब करा. नागपंचमी ते पोळा, पंचवीस दिवस. हा बाईचा उशीर. पोळा ते पाडवा, सात महिने. हा आमचा, म्हणजे डॉक्टरांचा आणि व्यवस्थेचा. आणि केसपेपरवर एका ओळीत लिहिलं जातं: 'रुग्ण उशिरा आली.'

सगळ्याच बाया पंचवीस दिवसांत दाखवतात असं मी म्हणत नाही. वर्षभर पदराआड ठेवणाऱ्याही आहेत. 'दुखत न्हवतं, मंग कशाला दावायचं?' हे उत्तर मी पुष्कळदा ऐकते, आणि त्यात तर्क आहे. दुखणं म्हणजे आजार, हे सगळ्या जगाचं गणित. हा रोग नेमका तिथेच फसवतो, कारण सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही. ऊसतोडीला गेलेल्या बाईचं गणित तर आणखी कडक. उचल घेतलेली, जोडीने कोयता लागलेला, एक दिवस कामावर नाही गेलं की खाडा, म्हणजे दंड. तिने न दुखणाऱ्या गाठीसाठी खाडा भरावा अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?

त्याच ऊसतोड बायकांबद्दलची दुसरी गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहा. २०१९ साली बीड जिल्ह्यात गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाची समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. 'पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल' अशी भीती घातल्याचं कितीतरी बायकांनी सांगितलं. म्हणजे जिथे कर्करोग नव्हता, तिथे त्याच्या नावाने शस्त्रक्रिया लगोलग झाली. आणि जिथे गाठ हाताला लागत होती, तिथे गोळ्या-मलम दिलं गेलं. जिथे पैसा होता तिथे घाई झाली आणि जिथे फक्त लक्ष द्यायचं होतं तिथे उशीर. बायकांच्या अज्ञानावर व्याख्यानं देण्याआधी आपण हे लक्षात ठेवलेलं बरं.

मग करायचं काय? पहिलं उत्तर येतं: मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे. दानशूर मंडळींना मॅमोग्राफीची गाडी फार आवडते, तिच्यावर नाव मोठ्या अक्षरात लिहिता येतं. पण तरुण बाईच्या स्तनातला घट्ट भाग चित्रात पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच दिसते. आपल्याकडे पन्नाशीच्या आतल्या रुग्णांचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच जास्त आहे. शिवाय चित्रात काही दिसलं तर पुढे सोनोग्राफी, सुई, पॅथॉलॉजिस्ट हे सगळं लागतं, आणि गाडी तर दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला गेलेली असते. दुसरं उत्तर: बायकांनी स्वतःची तपासणी करावी. शांघायमध्ये कापड गिरण्यांतल्या सुमारे २ लाख ६६ हजार कामगार बायकांवर याचा मोठा अभ्यास झाला. निम्म्या जणींना तपासणीचं तंत्र शिकवलं, पुन्हा पुन्हा उजळणी घेतली. २००२ साली निष्कर्ष आला: मृत्यू कमी झाले नाहीत. बाईला आपल्या शरीरातला बदल कळावा आणि तिने तो दाखवावा, हे हवंच. पण दाखवल्यावर पुढे काही घडलं नाही तर नुसत्या कळण्याने कोणी वाचत नाही.

तिसरं उत्तर आपल्याच राज्यात सापडलं. १९९८ साली टाटा रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या वस्त्यांत ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार बायकांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत काही आठवडे शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करत. बाकीच्या वस्त्यांत एकदा माहिती दिली. वीस वर्षं पाठपुरावा झाला आणि २०२१ साली निकाल प्रसिद्ध झाला. तपासणी झालेल्या बायकांत रोग लवकरच्या टप्प्यावर सापडला. पन्नाशी ओलांडलेल्यांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र तसा फायदा दिसला नाही. तोही निष्कर्ष तितक्याच स्पष्टपणे सांगितला पाहिजे.

हाताची तपासणी म्हणजे काय, तेही सांगते, कारण घाईघाईने चाचपण्यालाही तपासणी म्हटलं जातं. बाईला आधी बसवून, मग हात डोक्यामागे घेऊन झोपवायचं. मधल्या तीन बोटांचे पेर वापरायचे, टोकं नाहीत. बोटं न उचलता लहान लहान गोल फिरवत पट्ट्या-पट्ट्यांनी सगळी जागा घ्यायची. प्रत्येक ठिकाणी आधी हलका, मग मध्यम, मग बरगडी लागेल इतका दाब. वर गळपट्टीच्या हाडापर्यंत आणि बाजूला काखेपर्यंत जायचं. कातडी ओढली गेली आहे का, बोंड आत गेलं आहे का, ते उजेडात बघायचं. नीट केलं तर काही मिनिटं जातात. यंत्र लागत नाही. पडदा, खाट आणि शिकलेली बाई लागते. केंद्र सरकारच्या २०१६ च्या सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची अशी तपासणी दर पाच वर्षांनी व्हायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने २०१९-२१ मध्ये ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, कधी एकदा तरी स्तनाची तपासणी झाली आहे का? देशभरात 'हो' म्हणणाऱ्या निघाल्या ०.९ टक्के. शंभरात एकही नाही.

मुंबईसारखाच एक अभ्यास आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये झाला, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा. १ लाख ३१ हजारांवर बायका त्यात होत्या. एकदा केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीनेही त्या रोगाचे मृत्यू घटतात, हे २००९ साली जगाला कळलं ते या बायकांमुळे. दोन्ही अभ्यासांत तुलनेसाठी ठेवलेल्या बायकांना ती तपासणी मिळाली नाही, यावर पुढे कडक टीका झाली आणि ती टीका अस्थानी नव्हती. आपल्याकडच्या अभ्यासांचं अलीकडचं तिसरं उदाहरण: स्तनातली कर्करोगाची गाठ काढण्याआधी सात ते दहा मिनिटं तिच्याभोवती लिग्नोकेनचं, म्हणजे जागा बधीर करायचं साधं इंजेक्शन द्यायचं. देशातल्या ११ रुग्णालयांत सुमारे १६०० बायकांवर हा अभ्यास झाला. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. इंजेक्शनची किंमत एखाद्या थाळीइतकीही नाही. सांगायचं असं, की आपल्या बायकांनी आपलं शरीर देऊन जगाला ज्ञान दिलं. त्या ज्ञानाचा वाटा त्यांच्या लेकीसुनांना मिळणं ही आपल्या शिरावरची देणेदारी आहे.

उपचारांच्या बाबतीत परिस्थिती पूर्वीपेक्षा खूप सुधारली, हेही मोकळ्या मनाने म्हटलं पाहिजे. एकेकाळी इथल्या रुग्णाला देवगिरी एक्सप्रेसने मुंबई गाठायची आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का बघायचं, एवढाच रस्ता होता. २०१२ साली आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झालं आणि नांदेड-हिंगोलीच्या बाईचा निम्मा प्रवास वाचला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, केमो आणि लाइट, म्हणजे किरणोपचार, बसतात. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. विज्ञानानेही दिवस वाचवले. पूर्वी लाइट पाच आठवडे चालायचे. मग तीन आठवड्यांवर आले. २०२० साली ब्रिटनमधल्या अभ्यासाने दाखवलं की योग्य निवडलेल्या रुग्णांत पाच दिवसांतही काम होतं. नांदेड जिल्ह्यातल्या किनवटच्या बाईसाठी पाच आठवडे आणि पाच दिवस यांतला फरक म्हणजे उपचार सोडणं आणि पुरे करणं यांतला फरक आहे.

पण योजना लागू होते निदानानंतर. त्याआधीची सोनोग्राफी, सुई, तुकड्याची तपासणी बहुतेकदा घरच्या खिशातून होते आणि नेमके दिवस तिथेच जातात. आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, हे जुळवण्यात आणखी दोन फेऱ्या. 'सुई टोचली की रोग पसरतो' हा समज घरात असतो आणि कधी कधी डॉक्टरही तो खोडत नाही. या समजाला आधार नाही. बिन-तपासणीची गाठ अर्धवट कापणं मात्र खरोखर नुकसान करतं.

म्हणून माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. वैद्यकीय व्यवसायातल्या माझ्या बंधुभगिनींना पहिली विनंती: स्तनातल्या गाठीला अंदाजाने गोळी देऊ नका. हाताने तपासा, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी करा, आणि शंका असेल तर सुईने तुकडा घ्या. दुसरी: अंगातून काढलेला कोणताही तुकडा, कितीही लहान असो, तपासणीला गेलाच पाहिजे आणि त्याचा अहवाल बाईच्या हातात पडलाच पाहिजे. नातेवाइकांनीही पावतीबरोबर अहवाल मागावा. तिसरी, जिल्हा परिषद आणि आरोग्य खात्याला: प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस ठरवा. त्या दिवशी स्त्री-डॉक्टर, सोनोग्राफी आणि सुई एकाच छताखाली मिळावी, म्हणजे आशाताईला गावात सांगता येईल, अमुक वारी चला. दानशूरांना विनंती: गाडीऐवजी या वाराला पैसे द्या. गाडीभाडं, सोबतच्या माणसाचा मुक्काम आणि तपासणीची फी, एवढ्यात कितीतरी बायका मार्गी लागतील.

आणि शेवटची. प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर तीन तारखा लिहा: गाठ पहिल्यांदा डॉक्टरला दाखवली ती तारीख, निदान हाती आलं ती तारीख, उपचार सुरू झाले ती तारीख. आपली नोंदणी १९७८ पासून माणसं मोजते आहे. आता तिने दिवसही मोजावेत. दरवर्षी मराठवाड्याच्या प्रत्येक जिल्ह्याचा एक आकडा छापून यावा: गाठ दाखवल्यापासून निदानापर्यंत सरासरी किती दिवस. साठच्या आत आला तर जाहीर सत्कार करा, मी हार घेऊन येईन. बाहेर गेला तर जिल्हा परिषदेच्या सभेत प्रश्न विचारा, वर्तमानपत्रात लिहा, आमदारांच्या दारात जा. पाण्याच्या टँकरला चार दिवस उशीर झाला तर आपण रस्त्यावर येतो. या सात महिन्यांसाठीही यायला हवं.